मदत हवी आहे: ऑफिसचं काम आणि गेमिंग, दोन्हीला चालेल असं लिनक्स कोणतं?

नमस्कार मंडळी, मी कोथरूडला असतो. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि माझ्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्हला ११ अधिकृतपणे चालत नाही. धडधाकट मशीन भंगारात काढायला जीव होत नाही. ग्राफिक्स कार्ड एनव्हीडिया जीटीएक्स १६५०.

दिवसा लिबरऑफिस, मीटिंगा, इनस्क्रिप्टमध्ये मराठी टायपिंग. रात्री स्टीमवर गेम. व्हॅनगार्ड या अँटी-चीटमुळे (फसवणूक रोखणाऱ्या प्रोग्रॅममुळे) व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, त्यावर पाणी सोडलंय. बाकीचे गेम प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी स्टीमची सोय) सांभाळेल.

अडलंय ते मॉनिटरपाशी. एकाचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) १४४ हर्ट्झ, दुसऱ्याचा ६०. लिनक्स मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजरमुळे एनव्हीडियाचं काम सोपं, पण त्याचा डेस्कटॉप सिनॅमन अजून मुख्यतः एक्स११वर (स्क्रीनवर चित्र दाखवणारी जुनी यंत्रणा), आणि तिथे दोन मॉनिटरचे वेगळे रेट नीट जमत नाहीत. फेडोरा केडीईत वेलँड (एक्स११च्या जागी आलेली नवी यंत्रणा) आहे, ड्रायव्हर मात्र आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रेपॉझिटरीमधून घ्या. बझाइट या गेमिंगसाठीच्या लिनक्समध्ये ड्रायव्हर आयता मिळतो, पण रोजच्या कामाला ती कुलूपबंद (मूळ फाइली सहज बदलता न येणारी) सिस्टिम जाचते का? असेच दोन मॉनिटर कुणी वापरतंय का? पुण्यातलं कुणी असेल तर उत्तमच, चहा माझ्याकडून.