टीपीएम चिपची मेमरी भरते: ०एक्स९०२ आणि ०एक्स९०५ एररवर नेमकं काय फ्लश करायचं?

महापे_गेटवे

महापे आणि रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यांत वीजमीटरचं रीडिंग गोळा करणारे लिनक्स गेटवे बसवलेत. आर्म बोर्ड, एसपीआयवर टीपीएम २.० चिप (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी), तिला कमांड द्यायला टीपीएम२-टूल्स ५.४. सर्व्हरची गुप्त किल्ली चिपकडून सील करून घेतली आहे (म्हणजे फक्त तीच चिप उघडू शकेल अशी बंद), पॉलिसी म्हणजे उघडण्याची अट पीसीआर ७ ची (बूटच्या मोजमापांची चिपमधली नोंद). अडचणी दोन आहेत.

पहिली टेबलावरच्या चाचणीत. तिथे /डेव्ह/टीपीएम० थेट वापरतो. क्रिएटप्रायमरी होतं, क्रिएट होतं, आणि टीपीएम२_लोडला ०एक्स९०२ येतो. दरवेळी तिथेच.

दुसरी साइटवर. तिथे /डेव्ह/टीपीएमआरएम० आहे, म्हणजे मध्ये कर्नलचा रिसोर्स मॅनेजर. क्रॉनमधून दर ५ मिनिटांनी स्क्रिप्ट चालते: स्टार्टऑथसेशन (चिपशी सेशन उघडणे), पॉलिसीपीसीआर (अट तपासणे), अनसील (किल्ली उघडणे), मग डेटा पाठवणे. सव्वापाच तासांच्या आसपास सगळं सुरळीत चालतं, मग स्टार्टऑथसेशनलाच ०एक्स९०५. रीबूट केलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. गेटवे यूपीएसवर असल्यामुळे वीज गेली तरी ते आपोआप रीस्टार्ट होत नाहीत, माणूस पाठवावा लागतो.

रोज रात्री टीपीएम२_क्लिअर चालवावं असं एकाने सुचवलंय. चालेल का?

वागळे_२२

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: क्लिअर अजिबात चालवू नका. क्लिअर मेमरी झाडत नाही, मालकी पुसतं. स्टोरेज हायरार्कीचं (मालकाच्या किल्ल्यांच्या उतरंडीचं) मूळ बीज बदलतं, त्या हायरार्कीतली कायमची ठेवलेली ऑब्जेक्ट जातात, आणि त्या बीजाखाली सील केलेली प्रत्येक गोष्ट कायमची निकामी होते. डिस्कवर सील केलेली फाइल जागेवर दिसेल, पण ती उघडणारी किल्ली जगात कुठेच नसेल. एका रात्रीत सगळे गेटवे सर्व्हरपासून तुटतील. कोणाच्या क्रॉनमध्ये ही ओळ आधीच गेली असेल तर आजच काढा.

आता ०एक्स९०२. याचा अर्थ ऑब्जेक्ट मेमरी, म्हणजे चिपमध्ये चढवलेल्या किल्ल्या वगैरेंची जागा, संपली. पीसी क्लायंट प्रोफाइल या टीपीएमच्या मानकानुसार चिपने तात्पुरत्या ऑब्जेक्टसाठी किमान ३ जागा द्यायच्या असतात, आणि बऱ्याच चिप तेवढ्याच देतात. तुमची चिप किती देते ते टीपीएम२_गेटकॅप प्रॉपर्टीज-फिक्स्ड मध्ये एचआर_ट्रान्झिएंट_मिन या ओळीत दिसेल.

तुमच्या क्रमात जागा अशा जातात. क्रिएटप्रायमरी उतरंडीतली सगळ्यात वरची किल्ली, म्हणजे प्रायमरी, चिपमध्ये तयार करतं आणि तिची प्रत प्रायमरी.सीटीएक्स फाइलमध्ये जपतं. इथेच बहुतेकांची गफलत होते: ऑब्जेक्टचा कॉन्टेक्स्ट (चिपमधली त्याची स्थिती) सेव्ह केला म्हणजे फक्त नक्कल निघते, मूळ ऑब्जेक्ट चिपमध्ये तसंच राहतं. एक जागा गेली. पुढे टीपीएम२_क्रिएट ती फाइल वाचून तीच प्रायमरी पुन्हा चिपमध्ये चढवतं. दोन गेल्या. टीपीएम२_लोड तिसऱ्यांदा चढवतं. तीन. आणि आता प्रायमरीखालची (चाइल्ड) किल्ली ठेवायला जागाच नाही, म्हणून ०एक्स९०२. चिप बिघडलेली नाही, एकच प्रायमरी तिच्यात तीनदा बसली आहे.

थेट टीपीएम० वापरायचंच असेल तर प्रत्येक टप्प्यानंतर टीपीएम२_फ्लशकॉन्टेक्स्ट -टी (लहान टी, सगळी तात्पुरती ऑब्जेक्ट चिपमधून काढतो). म्हणजे: क्रिएटप्रायमरी, फ्लश, क्रिएट, फ्लश, लोड, फ्लश, अनसील, फ्लश. सीटीएक्स फाइल हातात असल्यामुळे फ्लशने काही हरवत नाही, पुढची कमांड ती फाइल पुन्हा चढवते. एकच ऑब्जेक्ट काढायचं असेल तर गेटकॅप हँडल्स-ट्रान्झिएंट ने यादी बघा आणि ८० ने सुरू होणारं हँडल (ऑब्जेक्टचा क्रमांक) फ्लशकॉन्टेक्स्टला थेट द्या. टूल्सच्या नव्या आवृत्त्यांत काही कमांडना ऑटोफ्लश हा पर्याय आला आहे. तुमच्या मॅन पेजमध्ये दिसला तर वापरा, नाहीतर हाताने.

८१ ने सुरू होणारी हँडल मात्र वेगळी. ती कायमची ऑब्जेक्ट, फ्लशने जात नाहीत आणि जायलाही नकोत. ती काढायला इव्हिक्टकंट्रोल लागतं. प्रायमरी सतत लागत असेल तर एकदाच ८१०००००१ सारख्या हँडलवर ठेवून द्या, दर वेळी आरएसए प्रायमरी तयार करण्यात जाणारे सेकंद वाचतात. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इव्हिक्टकंट्रोलही नक्कलच ठेवतं, म्हणून तात्पुरतं मूळ त्यानंतर फ्लश करायचं. आणि कायमची किल्ली वापरतानाही चिपला ती काम होईपर्यंत रॅममध्ये आणावी लागू शकते, म्हणून तीनही जागा भरलेल्या असतील तर कायम किल्लीवरही ०एक्स९०२ येऊ शकतो.

सेशनबद्दल दुसऱ्या कोणी लिहावं.

पारसिक_डोंगर

सेशनचं मी लिहितो, कारण ते ऑब्जेक्टच्या बरोबर उलट चालतं.

सेशनचा कॉन्टेक्स्ट सेव्ह केला की ते चिपच्या चालू जागेतून खरंच बाहेर पडतं, पण चिपच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक अडकलेला राहतो. रेल्वेच्या क्लोकरूमसारखं: सामान आत गेलं तरी पावतीचा नंबर तुम्ही सामान सोडवेपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही. असे क्रमांक पीसी क्लायंट चिपवर साधारण ६४ असतात. ते संपले की ०एक्स९०५, म्हणजे सेशन हँडल संपली. एका वेळी चढवलेल्या सेशनच्या जागा संपल्या तर ०एक्स९०३ येतो. त्या मोजक्याच, बहुधा ३.

तुमचं गणित यातच सुटतं. ६४ गुणिले ५ मिनिटं म्हणजे ३२० मिनिटं, ५ तास २० मिनिटं. दर फेरीला स्टार्टऑथसेशन एक क्रमांक घेतं आणि कोणी परत करत नाही. वर तुम्ही सेशन.सीटीएक्स हे एकच नाव वापरत असाल तर मागची फाइल पुसली जाते, मग जुनं सेशन फाइलवरून फ्लशही करता येत नाही.

टीपीएमआरएम० हे सांभाळेल असं वाटतं, पण नाही. कर्नलमधला रिसोर्स मॅनेजर (४.१२ पासून, २०१७) फाइल बंद होताना त्या जोडणीची तात्पुरती ऑब्जेक्ट आणि त्याच्या हातात उरलेली सेशन साफ करतो. पण टूल स्वतः सेशन सेव्ह करून फाइलमध्ये ठेवतं, तेव्हा मॅनेजर ते आपल्या हिशेबातून सोडून देतो. सोडावंच लागतं, नाहीतर पुढच्या कमांडला ते सेशन वापरता येणार नाही. म्हणून सेव्ह केलेलं सेशन मोडणं हे तुमचंच काम.

साइटवर आत्ता अडकलेल्या गेटवेवर:

आधी क्रॉन आणि टीपीएम वापरणाऱ्या बाकी सर्व्हिस थांबवा. टीपीएम२_गेटकॅप हँडल्स-सेव्ह्ड-सेशन ने यादी बघा. पॉलिसी सेशनसुद्धा या यादीत ०२ ने सुरू होणाऱ्या हँडलने दिसू शकतं, गोंधळू नका. मग टीपीएम२_फ्लशकॉन्टेक्स्ट -एस. चढवलेली उरली असतील तर -एल. शेवटी गेटकॅप प्रॉपर्टीज-व्हेरिएबल मध्ये एचआर_ॲक्टिव्ह_अव्हेल बघा, तो पुन्हा पूर्ण झालेला दिसला पाहिजे. सर्व्हिस थांबवायला सांगतोय कारण -एस आपलं-परकं बघत नाही. दुसऱ्या प्रोग्रामचं जपलेलं सेशनही त्यात जातं आणि त्याचं काम मध्येच तुटतं.

यासाठी रीबूटची गरज नाही, म्हणजे माणूसही पाठवायला नको. एसएसएचने होतं.

आता कायमचा इलाज. तुमची पॉलिसी फक्त पीसीआरची असेल तर सेशन हाताने उघडूच नका. टीपीएम२_अनसीलला -पी पीसीआर:एसएचए२५६:७ असं दिलं की टूल स्वतः सेशन उघडतं आणि काम झाल्यावर स्वतःच मोडतं. तीन कमांडची एक होते.

पॉलिसी गुंतागुंतीची असेल आणि सेशन हाताने लागणारच असेल तर फ्लशची ओळ स्क्रिप्टच्या तळाला ठेवून भागत नाही. सेट -ई असेल आणि पीसीआर बदलल्यामुळे अनसील ०एक्स९९डी (पॉलिसी जुळली नाही) देऊन पडलं, तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, तळापर्यंत पोचत नाही. म्हणून स्टार्टऑथसेशनच्या लगेच पुढच्या ओळीला ट्रॅप (स्क्रिप्ट कशीही संपली तरी चालणारी कमांड) लावा: ट्रॅप 'टीपीएम२_फ्लशकॉन्टेक्स्ट "$सेशन"' एक्झिट. सेशनच्या फाइलचं नाव एमकेटेम्पने (दर वेळी नवं) घ्या, आणि दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून क्रॉनच्या ओळीत एफलॉक. किल -९ झालं तर ट्रॅप चालत नाही हेही धरून चाला. क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर असेल तर एक्झेकस्टॉपपोस्टमध्ये फ्लश टाकता येतो, पण तिथे फाइलचं नाव ठरलेलं हवं.

महापे_गेटवे

-एस ने साइटवरचे सगळे मोकळे झाले, स्क्रिप्टही पीसीआरवाल्या एका ओळीवर आणली. आभार.

एक गेटवे मात्र विचित्र आहे. तिथे टीपीएमआरएम० वरूनही ०एक्स९०२ येतोय, आणि गेटकॅप हँडल्स-ट्रान्झिएंट ची यादी रिकामी दिसते. मेमरी भरलेली आणि यादी रिकामी, दोन्ही एकदम कसं?

वागळे_२२

कारण यादी तुम्ही टीपीएमआरएम० मधून बघताय. मॅनेजर प्रत्येक जोडणीला फक्त तिचीच तात्पुरती ऑब्जेक्ट दाखवतो, आणि तीही आभासी हँडलने, ८०एफएफएफएफएफएफ पासून खाली. कोणीतरी आधी टीपीएम० वरून काही चढवून सोडून गेलं असेल तर त्या खऱ्या जागा भरलेल्या राहतात आणि मॅनेजरला त्यांचं काहीच माहीत नसतं.

खरी यादी अशी: टीपीएम२_गेटकॅप -टी डिव्हाइस:/डेव्ह/टीपीएम० हँडल्स-ट्रान्झिएंट. इथे -टी कॅपिटल. ८०००००००, ८००००००१ अशी हँडल दिसतील. तिथूनच फ्लशकॉन्टेक्स्ट, त्याच -टी डिव्हाइससह, आणि पुढे लहान -टी. कर्नलचा मॅनेजर प्रत्येक कमांडनंतर आपली ऑब्जेक्ट बाहेर काढून ठेवतो, म्हणून टीपीएम० वर जे दिसतं ते बहुधा बेवारसच असतं. अपवाद टीपीएम२-एबीआरएमडी (कर्नलबाहेरचा रिसोर्स मॅनेजर) चालू असेल तर. पण मग तोच टीपीएम० धरून बसतो आणि तुम्हाला डिव्हाइस बिझी मिळेल.

पुन्हा होऊ नये म्हणून सर्व्हिसच्या युझरला फक्त टीएसएस ग्रुपमध्ये ठेवा. नेहमीच्या यूडेव्ह नियमांत (डिव्हाइसच्या परवानग्या ठरवणाऱ्या) टीपीएमआरएम० ग्रुपला खुला असतो आणि टीपीएम० फक्त टीएसएस युझरला. कंटेनर असेल तर आत टीपीएमआरएम० एवढंच द्या. आणि टेबलावरची चाचणीही त्याच डिव्हाइसवर करा, नाहीतर टेबलावर एक आजार दिसतो आणि साइटवर दुसरा. लॅपटॉपवर करायची असेल तर एसडब्ल्यूटीपीएम हा सॉफ्टवेअरमधला टीपीएम आहे.

एका जोडणीत मॅनेजरसुद्धा ३ च तात्पुरती ऑब्जेक्ट धरतो. चौथं मागितलं की डीमेसेजमध्ये आउट ऑफ स्लॉट्स दिसतं. टूल्स दर कमांडला नवी जोडणी उघडतात म्हणून त्यांना हे सहसा लागत नाही, लांब चालणाऱ्या प्रोग्रामला लागतं.

ऐरोली_खाडी

त्या लांब चालणाऱ्या प्रोग्रामबद्दल, सी मध्ये टीपीएमची एसिस लायब्ररी वापरून लिहिणाऱ्यांसाठी: एसिस_टीआर_क्लोज म्हणजे फ्लश नव्हे. ते फक्त आपल्या प्रोग्रामकडची नोंद सोडतं, चिपला काहीच कळवत नाही. चिपमधलं ऑब्जेक्ट काढायला एसिस_फ्लशकॉन्टेक्स्टच हवं, आणि एररने बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर हवं. एसिस_फायनलाइजही फ्लश करत नाही. हॅश किंवा एचमॅकचा सिक्वेन्स सुरू करून अर्धवट सोडलात तर तोही तात्पुरत्या ऑब्जेक्टची एक जागा अडवतो. सिक्वेन्सकम्प्लीट करा नाहीतर फ्लश करा.

०एक्स९०१ अजून कोणाला दिसला नसेल, पण दिसेल. एखादं सेशन सेव्ह करून खूप काळ तसंच ठेवलं आणि मध्ये बाकीची सेशन सेव्ह-लोड होत राहिली, की चिपचा मोजणारा आकडा त्या जुन्या सेशनपासून फार पुढे जातो. ही मर्यादा काही चिपवर २५५, काहींवर ६५५३५. ती गाठली की ६४ पैकी साठ क्रमांक मोकळे असूनही नवं सेशन मिळत नाही. सगळ्यात जुनं सेशन एकदा लोड करून पुन्हा सेव्ह करा किंवा फ्लश करा, लगेच सुटतं.

महापे_गेटवे

टीपीएम० वर तीन हँडल होती, काढली, चालू झालं. रीबूटनंतर जुनी प्रायमरी.सीटीएक्स वापरली तर ०एक्स१डीएफ येतो, तेही यातलंच का?

पारसिक_डोंगर

नाही, तो मेमरीचा प्रश्न नाही. रीबूटनंतर आधीचे सेव्ह केलेले कॉन्टेक्स्ट चिप मान्य करत नाही, म्हणून इंटिग्रिटी एरर. सीटीएक्स फाइल /रन मध्येच ठेवा, म्हणजे रीबूटला आपोआप जातील, आणि डिस्कवर फक्त क्रिएटने दिलेल्या पब्लिक आणि प्रायव्हेट या दोन फाइल. बूट झाल्यावर कायम हँडलवरच्या प्रायमरीखाली त्या लोड करा.

०एक्स९२१ आला तर मात्र फ्लशच्या मागे लागू नका. तो चुकीच्या पासवर्डमुळे लागलेला लॉकआउट आहे, त्याचा हिशेब डिक्शनरीलॉकआउट कमांडकडे.