मदत हवी आहे: निरीक्षणगृहातून परतलेल्या मुलाचं शिक्षण

आमच्या वस्तीतला 16 वर्षांचा मुलगा मागच्या महिन्यात निरीक्षणगृहातून (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथून) घरी आलाय. नाव-गाव मुद्दाम लिहीत नाही, कायद्यानेही ते उघड करता येत नाही. वडील नाहीत. आई धुणीभांडी करून महिन्याला आठेक हजार मिळवते. नववीत शाळा सुटली. आता जुन्या शाळेत गेलो तर "बघू, पुढच्या वर्षी या" असं गोड बोलून वाटेला लावलं. 14 वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही आता याच्या कामाचा नाही.

राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना 2,250 रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात (मुलाच्या संगोपनासाठीच्या मासिक मदतीत) 4,000. दुसऱ्यासाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 96,000, म्हणजे ही माउली अगदी काठावर! दाखल्यात हजारभर रुपये जास्त लागले की संपलं. अशा वेळी बालकल्याण समितीपुढे (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) काय मांडावं? आणि बाल न्याय मंडळात (अल्पवयीनांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं चालतात तिथे) प्रकरण असलेल्या मुलाचा अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात (या योजना राबवणाऱ्या कार्यालयात) घेतात का, की तिथूनही परत पाठवतात?

17 नंबरचा (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा) फॉर्म भरून दहावीला बसवायचा विचार आहे. पण मग शिकवणीचा, पुस्तकांचा खर्च कोणत्या योजनेत बसतो? पोरगं गणितात हुशार आहे हो. स्वतः असा अर्ज केलेल्यांनी कृपया सांगा, ऐकीव माहिती भरपूर जमलीय.