टोचनाला छोटं घर: रात्री मुक्काम कुठं केलात?

आमचा कॅम्पर, म्हणजे कारमागं टोचनानं ओढायचं छोटं घर, १० फुटांचा आहे. बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये बांधून घेतला. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण वर उचललं की ओटा, त्यावर एक शेगडी आणि खाली २० लिटरचे दोन कॅन. पेट्रोलपंपावर थांबलं की लोक वाकून आत बघतात आणि हमखास एकच विचारतात, "मग राहता कुठं?"

धागा त्याच प्रश्नासाठी काढलाय. हूक, एक्सल, सोलर यांची माहिती कुठंही मिळते. आपल्या भागात कॅम्परसाठी आखलेले तळ जवळजवळ नाहीतच, त्यामुळे तुम्ही कुठं उभे राहिलात, जागा कुणी दिली, कुणी उठवलं, हे आपणच एकमेकांना सांगायला हवं. सुरुवात मी करतो.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही खानापूरहून हेम्माडग्याच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता भीमगडच्या जंगलातला. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, जवळपास १९० चौरस किलोमीटरचं. रस्त्याकडेला सपाट जागा दिसली म्हणून टोचन सोडलं आणि चहा टाकला. सहाच्या सुमाराला वनखात्याचा गार्ड मोटारसायकलवरून आला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, इथं अस्वल फिरतंय. चहा प्या आणि गाडी काढा. अंधार पडायच्या आत गावात जावा." त्याचं बरोबरच होतं. अभयारण्यात मुक्काम करायचा तर वनखात्याच्या कॅम्पात, तोही आधी नोंदणी करून.

मागे फिरून पहिल्या गावात पहिल्याच घरी विचारलं. आजीबाईंनी नाव-गाव विचारलं, कुणाचे कोण ते विचारलं आणि खळ्याच्या कडेला जागा दाखवली. आमची कार आणि कॅम्पर मिळून एका बैलगाडीपेक्षा फार जागा अडवत नाहीत, म्हणून ते जमलं. पहाटे धुक्यात भाताची मळणी सुरू झाली. झाकण उघडलं तर पांघरुणावर बारीक कोंडा बसला होता आणि सगळीकडे नव्या भाताचा वास. त्या दिवसापासून आमचा नियम एकच: पाच वाजायच्या आत गावात शिरायचं, गाडीतून उतरून विचारायचं. काचेतून मान काढून विचारलं तर जागा मिळत नाही.

निपाणीहून

दादा, मुक्कामाचं तुम्ही छान लिहिलंत, पण गाडी धड पोचली तर मुक्काम. म्हणून मी टोचनाचंच लिहिते.

आम्ही कॅम्पर घेतल्यावर पहिल्याच फेरीत तवंदी घाट उतरताना तो मागून डुलायला लागला. ६० च्या वर काटा गेला की शेपटी डावी-उजवी. मिस्टरांनी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडी हळूहळू आपोआप सावरली, ते फार बरं झालं. उतारावर अशा वेळी घाबरून स्टिअरिंग फिरवलं असतं तर कॅम्परनं कारलाच ओढून नेलं असतं.

घरी आल्यावर माझ्या वडिलांनी एका हातानं हुकाची दांडी उचलून बघितली. त्यांचा जन्म तंबाखूच्या शेतात आणि बैलगाडीवर गेलेला. म्हणाले, "अगं, ही गाडी उलार झालीया. धुरजड पाहिजे." आम्ही पाण्याचे कॅन, सिलिंडर, खुर्च्या सगळं मागच्या ओट्याखाली कोंबलं होतं. वजनकाट्यावर कॅम्पर ४८० किलो भरला, आणि घरातला वजनाचा काटा दांडीखाली ठेवला तर हुकावर अवघे १४ किलो. एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भार हुकावर यावा लागतो, म्हणजे आमचा ४५-५० किलो हवा होता. बॅटरी आणि पाणी एक्सलच्या पुढं घेतलं. त्यानंतर आजवर एकदाही डुलला नाही.

रिव्हर्स घेणंही वडिलांनीच शिकवलं. उसाची ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर मागं घेणारी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्याकडे एक सकाळ घालवा. स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरायचं. मग हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रॉलीची शेपटी जाते.

अथणी तालुक्यातून

आम्ही द्राक्षवाले. कॅम्परवाले पाहुणे दोन वर्षं आमच्या मळ्यात येतात, म्हणून जागा देणाऱ्याच्या बाजूनं लिहितो.

या, आनंद आहे. पण कधी यायचं ते समजून या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर औषधांच्या फवारण्या चालतात आणि ब्लोअरचा धूर लांब जातो. त्या दिवसांत लहान पोरं घेऊन बागेलगत झोपू नये, मी स्वतः नाही म्हणतो. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला. तेव्हा बेदाण्याची शेड चालू असते. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात, १२-१५ दिवसांत बेदाणा होतो. त्या दिवसांत ढग आले की आमची झोप जाते. गेल्या खेपेला रात्री दोन वाजता पाऊस आला, तेव्हा कॅम्परमधले पाहुणे, नवराबायको दोघं, न सांगता उठून ताडपत्री ओढायला आले. त्यांची गाडी आता कधीही आली तरी फाटक उघडं आहे.

पाहुणे विचारतात, "ही वाइनची द्राक्षं का?" नाही. आमची थॉम्पसन आणि माणिक चमन, खायची आणि बेदाण्याची. वाइनचा मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि गोडी चढेपर्यंत तो वेलीवर ठेवतात. कर्नाटक सरकारनं २००७ साली वाइन धोरण आणलं, त्यात आपला कृष्णाकाठ वाइनच्या द्राक्षांसाठी धरला होता. काहींनी शिराज, कॅबर्ने लावलं. माझ्या एका नातेवाइकानं लावलं होतं, पण घेणारा ठरलेला नव्हता, म्हणून चार वर्षांनी बाग काढली. खायचं द्राक्ष बाजारात नेता येतं, वाइनचं नेता येत नाही. मोठा वाइनचा फेरफटका करायचा तर नाशिक किंवा अकलूज गाठा. इकडं आलात तर मळा बघा, बेदाणा बघा.

एक विनंती. ड्रिपच्या नळीवर चाक चढवू नका. कितीदा सांगूनही रात्री अंधारात चढतंच.

बेळगाव शहरातून

वरच्या तात्यांनी नाशिकचं नाव काढलं, आम्ही तिथं जाऊन आलोय. जानेवारीत गेलो, पुण्यात मैत्रिणीच्या सोसायटीत एक मुक्काम. नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाचे मळे आहेत. १९९९ साली सुरू झालेली वाइन कंपनी, तिथं टेस्टिंगला बसलो. परतताना अकलूजजवळ फ्रातेल्ली या दुसऱ्या वाइन कंपनीचे मळेही बघितले. माळरानावर सरळ ओळी आणि मध्येच सांजोवेजे हे इटालियन द्राक्ष.

दोन गोष्टी जीव तोडून सांगते. टेस्टिंग म्हणजे चमचाभर असं वाटतं, पण पाच-सहा ग्लास झाले की तो भार होतोच. मागे कॅम्पर असताना तर घोटभरही नको. आमचं ठरलेलं आहे, ज्या दिवशी चव घ्यायची त्या दिवशी टोचन हलवायचं नाही. आधी फोन करून रात्रभर गाडी उभी करू देतात का ते विचारायचं. एका ठिकाणी नाही म्हणाले, तर जवळच्या एका शेतकऱ्याकडे थांबलो आणि रिक्षानं टेस्टिंगला गेलो.

दुसरी गोष्ट बाटल्यांची. सहा बाटल्या कॅम्परमध्ये गादीखाली ठेवल्या आणि दुपारी सोलापूरच्या उन्हात जेवायला थांबलो. पत्र्याच्या डब्यात काय होतं ते संध्याकाळी कळलं. दोन बाटल्यांची बुचं अर्ध्या नखाएवढी वर आली होती, गळ्याशी चिकट थेंब सुकलेले. ती वाइन नंतर शिजवलेल्या जांभळासारखी लागली. आता बाटल्या कारमध्ये, एसीच्या वाऱ्यात, ओल्या गोणपाटात. आणि परराज्यातून किती आणता येतात याला मर्यादा असते. अबकारी खात्यात आधी विचारा आणि बिलं हाताशी ठेवा.

हल्याळहून

थोडक्यात. दांडेली-अणशी २००७ ला व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ पासून तो काळी नदीच्या नावानं ओळखतात. आत कॅम्पर नेऊन झोपायचा विचारच करू नका. दांडेलीच्या आसपास होमस्टेवाले अंगणात उभं राहू देतात. आम्ही जेवण त्यांच्याकडचंच घेतो, म्हणजे त्यांनाही परवडतं. सकाळी लाकूड डेपोच्या बाजूला झाडांवर धनेश बसतात. इथं धनेशाच्या चार जाती दिसतात. मोठा धनेश डोक्यावरून गेला की पंखांचा आवाज आगगाडी सुटल्यासारखा येतो. पोरं अंथरुणातून तशीच बाहेर धावली होती.

रामनगरच्या अलीकडे एका गतिरोधकावर आमच्या हुकाची पिन उडाली. कॅम्पर साखळीवर लटकला, रस्त्यावर ठिणग्या. साखळी नसती तर मागच्या मोटारसायकलवाल्याचं काय झालं असतं, ते आठवलं तरी हात गार पडतात. दर थांब्याला पिन, साखळी आणि चाकाचा हब, तिन्हीला हात लावा. हबला हात ठेववत नसेल इतका तापला असेल तर बेरिंगचं ग्रीस संपलेलं असू शकतं.

गोकाकहून

गोकाकचा धबधबा सगळे बघतात, तिथं गर्दीत कॅम्पर वळवायलाही जागा नसते. आम्ही सासूबाईंना घेऊन मे महिन्यात हिडकल धरणाकडे गेलो. धरण झालं तेव्हा हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं. सासूबाईंनी लग्नाआधी वडिलांबरोबर ते बघितलं होतं. आता वय ७८, गुडघे गेलेले, लॉजचे जिने चढवत नाहीत. कॅम्परमध्ये जमिनीपासून दीड फुटावर गादी आहे म्हणूनच त्या यायला तयार झाल्या.

काठावरच्या गावात मच्छीमारांना विचारलं. त्यांच्यातला एक जण कन्नडमध्ये आधी "ऊट आतेन्री?" म्हणजे "जेवण झालं का?" म्हणाला, मग जाळ्यांशेजारची कोरडी जागा दाखवली. सकाळी सासूबाई आमच्या खांद्यांवर हात ठेवून देवळापर्यंत गेल्या. दगडी खांबांवर पाण्याच्या रेघा होत्या, खालच्या कोनाड्यात चिखल सुकून भेगाळलेला. त्यांनी पदरानं एका खांबाचा चिखल पुसला आणि बराच वेळ तिथंच हात ठेवून उभ्या राहिल्या. येताना मच्छीमाराच्या घरी करदंटाचा, म्हणजे गोकाकच्या डिंक-सुकामेव्याच्या मिठाईचा पुडा दिला.

मेमध्ये जाणार असाल तर पिण्याचं पाणी बरोबर न्या. समोर एवढं धरण असलं तरी ते पाणी पिता येत नाही. आम्हाला दोन घागरी गावातून आणून दिल्या तेव्हा भागलं.