काया: पटाचं लाकूड आणि बिया

काया या जपानी झाडाबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात: गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या बैठ्या खेळाच्या पटाला कायाच कशाला, कुठलंही पाइन चालेल, आणि कायाच्या बिया बदामासारख्या फोडून लगेच खाता येतील. दोन्हीत गडबड आहे.

जपानचा काया (आपल्या 'काये'शी संबंध नाही) पाइन नव्हेच, तो यू या सूचिपर्णी वृक्षाच्या कुळातला. वाढ फार सावकाश, म्हणून वलयं दाट. लाकडाला अंगची लवचिकता असते. सोंगटी आपटून पडलेला बारीक खळगा हळूहळू भरून येतो. पट साधारण 45 बाय 42 सेंमी, जमिनीवर ठेवायचा असेल तर जाडी 15 सेंमीच्या आसपास किंवा जास्त. एवढा ठोकळा घाईने वाळवला की तडकतो, कारण बाहेरचा थर आकसतो आणि आत ओल तशीच राहते. त्यामुळे टोकांना मेण लावून वर्षानुवर्षं सावलीत ठेवतात. 'शिन-काया' म्हणून विकतात तो बहुधा स्प्रूस, म्हणजे दुसरंच एक सूचिपर्णी झाड असतो. शिकायला ठीक, पण कायाचा भाव देऊ नका.

बियांचं म्हणाल तर शरदात झाडाखाली पडलेल्या वेचायच्या. वरचा हिरवा गर चिकट आणि राळेच्या वासाचा. तो ओला ठेवून कुजवायचा नि चोळून काढायचा. मग बिया राखेच्या पाण्यात आठवडाभर भिजवून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून भाजायच्या. राखेचा टप्पा गाळला तर तुरटपणा जात नाही, कितीही भाजा. आणि एकच झाड लावून बियांची वाट बघू नका: नर-मादी झाडं बहुधा वेगळी असतात.