मदत हवी आहे : पीएचडीची प्रश्नावली, सगळ्यांची टिक 'नेहमी'वरच

विषय : जिल्हा परिषद शाळांतल्या मुख्याध्यापिकांचं नेतृत्व आणि कामातल्या अडचणी. बास-अव्होलिओंची ४५ विधानांची एमएलक्यू (नेतृत्वशैली मोजणारी प्रमाणित प्रश्नावली) परवाना घेऊन वापरतेय. मराठी भाषांतर परत इंग्रजीत करून तपासलंय.

पायलटला (आधीच्या छोट्या चाचणीला) ३० जणींनी शिक्षण परिषदेत भरून दिली, चहा यायच्या आत! बहुतेक कागदांवर वरपासून खालपर्यंत '४'वरच, म्हणजे 'नेहमी'वरच खुणा. नाव लिहायचं नव्हतं, तरी एकीनं हळूच विचारलं, "केंद्रप्रमुख बघणार नाहीत ना?" गुगल फॉर्म पाठवला, ९ उत्तरं. शाळेत जाऊन बसलं की मात्र पोषण आहाराच्या नोंदींपासून सगळं मोकळं बोलतात.

मार्गदर्शक म्हणतात नमुना वाढव. मला पटत नाही, अशा एकसारख्या खुणांच्या रेघाच वाढतील. विधानं बदलता येत नाहीत.

आराखडा मंजूर झाल्यावर मुलाखती जोडून मिश्र पद्धत कुणी केलीय का? आरआरसीपुढे (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे) पुन्हा जावं लागलं, की मार्गदर्शकांच्या पत्रावर भागलं?