आठवीला जपानी : हिरागानाच्या डोक्यावर देवनागरी लिहायची सवय कशी मोडायची?

करवीर_तासिका
कोल्हापुरात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला जपानी शिकवते. पट ४२, आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका. हिरागानाची (जपानीच्या मूळ लिपीची) ४६ अक्षरं शिकवून झाली, पण मुलं प्रत्येक अक्षरावर देवनागरी लिहितात आणि तीच वाचतात. वरचं खोडलं की वाचन बंद. 'नु-मे', 'रे-ने-वा', 'सा-चि' यांची कायम गल्लत. पालक आत्तापासूनच एन-फाइव्हचं (जपानी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या सगळ्यात सोप्या पातळीचं) विचारतायत. वाक्यं सुरू करू की अक्षरंच घोटून घेऊ?

चौकटवही
दोन्ही एकदम चालू द्या, मॅडम. अ-का-सा-ता-ना हा क्रम आपल्या वर्णमालेच्याच वळणाचा, म्हणून तक्ता पटकन पाठ होतो. पण पाठ होतो तो क्रम, आकार नाही. मधलंच अक्षर दाखवलं की 'ना, नि, नु…' मोजत येतात.

उजळणीला तासाला पाचच अक्षरं घ्या, तीही क्रम मोडून. सारखी दिसणारी जोडी एकाच आठवड्यात नको. 'नु' पक्कं झालं की मग 'मे' : 'नु'च्या शेवटी गाठ आहे, 'मे'ला नाही. 'ने'ला गाठ, 'रे'ची शेपटी बाहेर वळते, 'वा'ची आत.

वाचनाआधी श्रुतलेखन. तुम्ही बोला, मुलं थेट हिरागाना लिहितील. मध्ये देवनागरीला जागाच राहत नाही. गणिताची चौकटवही वापरा, एका चौकटीत एक अक्षर. देवनागरी फक्त वहीच्या शेवटच्या पानावरच्या तक्त्यात. नाहीतर पुढे 'हा' हे अक्षर प्रत्यय म्हणून आलं की 'वा' वाचायचं असतं, तिथे सगळा वर्ग अडकतो.

लघुगुरू
देवनागरीचा याहून मोठा घोटाळा लांबीचा आहे. मावशी-काकूला आणि आजीला जपानीत वेगळे शब्द आहेत, फरक फक्त एका लांब स्वराचा. आपण दोन्ही 'ओबासान'च लिहितो! टाळ्या वाजवून घ्या : ओ-बा-सा-न चार, ओ-बा-आ-सा-न पाच. 'किते' (या) दोन टाळ्या, 'कित्ते' (टपाल तिकीट) तीन. मधली टाळी थांब्याची. वृत्तातल्या मात्रा मोजण्यासारखंच, फक्त शेवटच्या 'न'लाही पूर्ण मात्रा.

'त्सु' मात्र आपल्याला फुकटात मिळतो. 'चुलता'मधला च तोच, आणि 'चि' म्हणजे 'चिंच'मधला. हिंदीवरून शिकवणाऱ्यांना इथे घाम फुटतो.

रंकाळा_दे
वाक्यं थांबवू नका. 'मी शाळेत पुस्तक वाचतो' हे 'वाताशि वा, गाक्को दे, होन ओ, योमिमासु' असं आपल्याच क्रमाने येतं. पहिल्याच तासाला मुलं वाक्य जुळवतात.

चूक होते ती 'नि' आणि 'दे' यांच्यात, कारण मराठीत दोन्हींना एकच प्रत्यय. 'रंकाळ्यावर लोक आहेत' इथे 'नि', 'रंकाळ्यावर भेळ खाल्ली' इथे 'दे'. नुसतं असणं असेल तर 'नि', काही करणं असेल तर 'दे'. शिवाय 'आहे'चे दोन भाग : माणसं, प्राणी असतील तर 'इमासु', वस्तू, झाडं असतील तर 'अरिमासु'. आणि 'वाचतो-वाचते' असा लिंगभेद क्रियापदात नाही, हे आधीच सांगा. मुली हमखास विचारतात.

एन-फाइव्हची घाई नको. १८० पैकी ८० ला पास, पण श्रवणात ६० पैकी १९ वेगळे लागतात. लिहून-पाठ करून आलेली मुलं तिथेच उडतात. बोलण्याची परीक्षा त्यात नाहीच, त्यामुळे ती तयारी तुम्हालाच वर्गात करून घ्यावी लागेल.

करवीर_तासिका
टाळ्या उद्यापासूनच. पण दर तासाला ४२ श्रुतलेखनं तपासायची कशी?

चौकटवही
तपासू नका. दहाच शब्द द्या, वह्या शेजाऱ्याशी बदला, उत्तरं फळ्यावर. तुम्ही फक्त हात वर करायला सांगून कुठलं अक्षर सगळ्यात जास्त चुकलं ते टिपा आणि पुढच्या तासाची पाच अक्षरं त्यातूनच निवडा.