‘सत्या’नं पोरं बिघडवली म्हणणाऱ्या मालकांना उत्तर

विडीघरकुलकर: राम गोपाल वर्माचा मुंबईच्या गँगवरचा सिनेमा ‘सत्या’ जानेवारी २०२५ मध्ये परत थेटरात लागला, त्याचा विषय काल आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर निघाला. त्यावर इथल्या एका मालकांनी (सोलापुरात आदरानं असंच म्हणतात) लिहिलं, “स्वस्तातला सिनेमा, गुंडांना हिरो केलं, आमच्या वेळची पोरं त्यानंच बिघडली.” रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितोय.

मालक, सत्या मुंबईत कामाला येतो. बारमध्ये वेटर होतो. एक गुंड त्याच्या तोंडावर दारू फेकतो. पुढं खोट्या केसमध्ये आत जातो, तिथं गँगवाला भीकू म्हात्रे भेटतो. शेवटी भीकूला कोण मारतं? ज्याच्यासाठी तो राबला, तो पुढारी भाऊ झावळेच. सत्या त्याच्या प्रेयसीच्या, विद्याच्या दारात गोळी खाऊन पडतो. यात हिरो व्हावं असं काय आहे?

जुलै १९९८ ला आला तेव्हा विद्या झालेली उर्मिला सोडली तर मोठं नाव नव्हतं. आमच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात मात्र सत्या झालेला चक्रवर्ती तेलुगू ‘शिवा’पासून ओळखीचा, म्हणून अख्खी गल्ली गेली. माझा चुलता भिवंडीला मागावर दोन वर्षं काढून आला होता. एका खोलीत चौदा जण, पाळीपाळीनं झोपायचे. परत आला तो डाव्या कानानं बहिरा होऊन. कुणी मारलं, कधी सांगितलं नाही. दारू फेकायचा सीन आला आणि तो उठला. मी मागं गेलो, तर सायकल स्टँडजवळ उभा, हातात तिकिटाचा अर्धा तुकडा. आत आलाच नाही.

नवीपेठकर: ते लिहिणारा मीच. चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं, पण माझंही ऐका. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली, वडील घरी बसले, थोरला भाऊ कट्ट्यावर. सिनेमा बघून आला आणि भीकूसारखी कॉलर उडवत बोलायला लागला. खिशात चाकू आला. वर्षभरात मारामारीची केस झाली. आईनं मंगळसूत्र मोडून वकील लावला. दिग्दर्शकाच्या मनात काय होतं, ते मला सांगू नका.

होटगीरोड: गिरणी बंद पडली ते दिसत नाही, सिनेमा दिसतो? गुंड काय सिनेमानं आणले? टी-सिरीजवाल्या गुलशन कुमारांचा खून ऑगस्ट १९९७ चा आहे. तेव्हा सिनेमा आलाही नव्हता.

बाळेकर: मूळ दुखणं कुणी बोलत नाही. म्हात्रे, झावळे, मुळे. गँगवाले, त्यांचा वकील, सगळी आडनावं मराठी! आणि म्हात्रे करायला माणूस आणला बिहारचा.

होटगीरोड: त्यांच्या मागं लागलेला इन्स्पेक्टर खांडिलकर कोण बे? आणि त्याच म्हात्रेसाठी मनोज वाजपेयीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बाळेकर: बे-बे करू नका. पुरस्कारानं आडनाव पुसलं जात नाही. माझी पोरगी पुण्यात खोली बघत होती, तर घरमालकीण म्हणाली, “सोलापूरचे? तुमच्यात मराठी कोण, तेलुगू कोण, कळतच नाही.” आपल्याच राज्यात हे ऐकायचं!

विडीघरकुलकर: काका, ते वाक्य मी जन्मभर ऐकतोय. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, बाजारात थोडी कन्नड. तुम्हाला एकदा लागलं तर एवढं बोललात. सत्या कुठला, त्याचे आईबाप कोण, सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. माझ्या वडिलांना तेच आवडलं होतं. तुम्ही मात्र आडनावं मोजताय.

बाळेकर: मोजणारच. आमची मोजली जातात म्हणून. पण खांडिलकर मी विसरलो होतो, एवढं खरं. तुमच्या घरच्यांबद्दल मनात काही नव्हतं.

जुळेसोलापूरची: सगळे पुरुष भांडताय. विद्याला शेवटपर्यंत खरं कुणी सांगत नाही, त्यावर एक ओळ नाही. माझ्या मावशीच्या लग्नात नवरा काय करतो ते असंच लपवलं. पोलीस दारात आले तेव्हा तिला कळलं. सात महिन्यांची पोटुशी होती.

नवीपेठकर: ताई, आमच्या वहिनीचंही तेच झालं. हे मी लिहायला हवं होतं. सिनेमा खोटा नाही, मानतो. भावाचं मात्र मी सोडणार नाही.

विडीघरकुलकर: सोडू नका. मी चुलत्याला विचारलंय, मोबाईलवर लावू का? म्हणाला, “बारच्या पुढचा लाव. तेवढाच राहिलाय.”

नवीपेठकर: लावा त्यांना. पण शेजारी पोराला बसवू नका.